घरी सोडलं म्हणजे सुटलो?

हृदयविकारानंतर घरी गेलेल्यांच्या नातेवाइकांचे प्रश्न दर महिन्याला येतात, आणि गोंधळ बहुधा तोच असतो. यावेळचे काही घेतो.

प्रश्न : वडिलांना अटॅक आला, स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) टाकला. पुन्हा अ‍ॅडमिट व्हावं लागणार नाही, अशी खात्री आहे का? (जुळे सोलापूर)

नाही. अशी खात्री कोणी दिलीच, तर त्याच्यापासून लांब राहा.

प्रश्न : आईला हार्ट फेल्युअर आहे. पायांची सूज उतरली, घरी सोडलं. ‘मी ठणठणीत आहे, तपासणीला कशाला जायचं?’ असं ती म्हणते. (बार्शी)

सूज उतरली ती पाण्याच्या गोळ्या-इंजेक्शनांनी. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदयाचा पंप कमजोर; तो होता तसाच आहे. पण घरी गेल्यावर सारखं लघवीला जावं लागतं म्हणून गोळी अर्धी होते, ताटात शेंगाचटणी, पापड, लोणचं असं मिठाचं खाणं परत येतं, आणि पंधरवड्यात बाई पुन्हा धापा टाकत दारात.

सोडताना मी प्रत्येकाला विचारतो, ‘महिन्याभरात परत यावं लागेल असं वाटतं का?’ बहुतेक म्हणतात, ‘छे, सिद्धरामेश्वराची कृपा आहे.’ कृपा असू द्या, पण वजनकाटाही असू द्या. एखादाच म्हणतो, ‘यावं लागेल बहुतेक, गोळ्या द्यायला घरी कोणी नाही.’ त्याच्या उत्तरावर मला काही करता येतं. पहिल्याच्या ‘छे’वर काय करू?

अमेरिकेत मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविमा योजनेतल्या रुग्णांच्या 2003-04 च्या नोंदी तपासल्या, तेव्हा सुमारे पाचातला एक जण 30 दिवसांत पुन्हा दाखल झालेला दिसला. हार्ट फेल्युअरमध्ये चारातल्या एकाहून जास्त. ऑपरेशनशिवाय घरी गेलेले जे परत आले, त्यांतल्या निम्म्यांनी मधल्या काळात डॉक्टरांना दाखवल्याची नोंदच नव्हती. त्यांनाही ठणठणीतच वाटत असेल.

तेव्हा आईला सात ते चौदा दिवसांत दाखवा. रोज सकाळी लघवी झाल्यावर, नाश्त्याआधी, त्याच काट्यावर वजन करून कॅलेंडरवर लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर अंगात पुन्हा पाणी साचत असेल; तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. गोळीचा डोसही त्यांनाच ठरवू द्या.

प्रश्न : ब्लॉकेज विरघळवणारा काढा मोबाइलवर दिसला, तीन बाटल्यांवर एक फ्री. स्टेंटनंतर तो घेऊन गोळ्या बंद केल्या तर? (मोहोळ)

स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, त्यात जीव जातो. रक्त पातळ करणारी गोळी हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवू नका. दात काढायचा असला तरी आधी विचारा. काढा विकणारा रात्री दोन वाजता तुमचा फोन उचलणार नाही.

प्रश्न : हार्ट फेल्युअर आहे. गुडघेदुखीवर मेडिकलमधून गोळी आणली तर चालेल? (अक्कलकोट)

नको. अशा बऱ्याच वेदनाशामक गोळ्यांनी अंगात मीठ-पाणी साचतं, किडनीवरही ताण येतो. डिस्चार्ज कार्ड घेऊन डॉक्टरांना भेटा.

प्रश्न : वडिलांना पंप कमजोर म्हणून महिन्यापूर्वी सोडलं. आता रात्री तीन उशा लागतात, आडवं झालं की दम कोंडतो. परत नेलं तर पुन्हा खर्च. पाहुणे म्हणतात, अमावास्या होऊ द्या. काय करावं? (मंगळवेढा)

पत्र कसलं लिहिता? आजच न्या. दम जास्त असेल तर 108 ला फोन करा, तोवर त्यांना बसवून ठेवा. महात्मा फुले योजनेत बसतं का, हे दाखल झाल्यावर तिथल्या आरोग्यमित्राला विचारता येईल.