बूट पार्टिशनसाठी कोणती फाइल सिस्टिम निवडावी?

प्रश्न : नव्या एसएसडीवर डेबियन लिनक्स बसवताना बूट पार्टिशन वेगळे ठेवावे, असा माझा विचार आहे. जुन्या लेखांत त्यासाठी एक्स्ट २ ही फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) सुचवलेली आढळते. उरलेल्या डिस्कवर मात्र मी एक्सएफएस वापरणार आहे. बूटसाठीही तीच चालेल का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : चालेल, पण आमची पसंती एक्स्ट ४ला आहे. बूट पार्टिशनवर कर्नल (लिनक्सचा गाभा), इनिटआरडी (सुरुवातीला लागणारी तात्पुरती फाइल सिस्टिम) अशा मोजक्याच फाइली असतात आणि त्या संगणक सुरू होताना एकदाच वाचल्या जातात, त्यामुळे वेगाचा मुद्दा येथे गौण ठरतो. कर्नल जागा होण्यापूर्वी त्या फाइली ग्रबला (कर्नल सुरू करून देणाऱ्या बूटलोडरला) वाचाव्या लागतात, आणि फाइल सिस्टिमच्या नव्या सोयी ग्रबला कर्नलपेक्षा बऱ्याच उशिरा कळतात, हे निवड करताना पाहायला हवे.

याचा प्रत्यय २०२३मध्ये आला. त्या वर्षीच्या ई-टू-एफएस-प्रोग्ज (एक्स्ट फाइल सिस्टिम तयार करणारी साधने) १.४७ने एक्स्ट ४ फॉरमॅट करताना चेकसमच्या (माहिती बिघडली का ते तपासणाऱ्या आकड्याच्या) बीजाची एक नवी सोय आपोआप चालू ठेवली, आणि ग्रब २.०६ला असे पार्टिशन वाचताच येईना, ग्रब २.१२मध्ये ती अडचण दूर झाली. म्हणून बूट पार्टिशन शक्यतो त्याच वितरणाच्या इन्स्टॉलरकडून फॉरमॅट करून घ्यावे, दुसऱ्या, अधिक नव्या लाइव्ह डिस्कवरून नव्हे.

एक्स्ट २चा सल्ला पार्टिशन शंभरेक एमबीचे असे त्या काळातला आहे, कारण तेव्हा जर्नलला, म्हणजे बदलांच्या नोंदवहीला, जागा देणे परवडत नसे. आज एक जीबी सहज देता येते. एक्सएफएस ग्रबला वाचता येते. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स तर बूटसाठी तीच वापरते. मात्र पुढे पार्टिशन लहान करावे लागले, तर एक्स्ट ४वर ते सोपे जाते. दोन्हींच्या बाबतीत ग्रब जर्नलमधील अपुरे बदल पूर्ण करून घेत नाही, म्हणून कर्नल अद्ययावत केल्यावर संगणक रीतसर बंद करावा, थेट वीज तोडू नये.

आपला संगणक यूईएफआय (नव्या प्रकारचे फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डवरचा सुरुवातीचा प्रोग्रॅम) पद्धतीचा असल्यास ईएफआय पार्टिशन वेगळे लागेल आणि ते फॅट ३२च असावे, कारण फर्मवेअरला हमखास वाचता येते ते तेवढेच. एकाच पार्टिशनवर दोन्ही कामे भागवण्याचा मोह डेबियनवर टाळावा : तेथील डीपीकेजी (पॅकेजे बसवणारे साधन) जुन्या फाइली जपण्यासाठी हार्ड लिंक (त्याच फाइलला दुसरे नाव) वापरते, आणि फॅटमध्ये ती सोयच नसल्याने कर्नलचे पॅकेज अद्ययावत करताना काम अडू शकते.