गोधडीचा हात, क्रेझी क्विल्टचा हिशेब

वेंगुर्ले, ज्येष्ठ अखेर

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या क्रेझी क्विल्टच्या, म्हणजे वेड्यावाकड्या तुकड्यांच्या भरतकामी पांघरुणाच्या, पहिल्या चौकोनाचा फोटो मिळाला. रंगांची जोडणी छान जमली आहे. वांगी खणाशेजारी हळदी काठ ठेवलास, तो तर फारच. पण चौकोन मधोमध फुगलाय आणि चारही कडा आत ओढल्या गेल्यात. टाके घट्ट पडले असं तू लिहितेस. थोडे पडलेतही, पण खरी चूक खाली आहे. तुकडे एकमेकांना जोडलेस आणि त्यांच्या तळाला कापड घातलंच नाहीस. खण एका जातीचा, मखमल दुसऱ्या जातीची, साडीचा काठ तिसऱ्या. कुणी उभ्या धाग्यात कापलेला, कुणी उरेब, म्हणजे तिरका. भरतकामाचा दोरा ओढला की प्रत्येक तुकडा आपल्या दिशेने पळतो.

तुझा हात गोधडीवर बसलेला आहे, म्हणून आधी हा फरक नीट लक्षात घे. गोधडीत किंवा वाकळीत जुन्या लुगड्यांचे थर असतात, वर ठिगळं असतात आणि धावदोरा सगळ्या थरांतून आरपार जातो. तो धावदोराच गोधडीचा सांगाडा. खाली कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, आफ्रिकी मुळाच्या सिद्दी बायकांची कवंदी नावाची गोधडी असते, तिचंही तसंच: कडेपासून सुरुवात, ठिगळाची कड दुमडत, थरांसकट टाके घालत मध्याकडे जायचं आणि चार कोपऱ्यांना दुमडलेली त्रिकोणी फुलं लावायची. क्रेझी क्विल्टचा हिशेब वेगळा. तिथे तुकडे एका पायाच्या कापडावर शिवतात, भरतकाम फक्त वरचा तुकडा आणि पाया या दोघांतूनच जातं, आणि पाठीचं अस्तर अगदी शेवटी वेगळं येतं. तू मखमलीवरून गोधडीसारखा आरपार धावदोरा घालायला गेलीस म्हणून सुई अडली आणि मखमलीची लव चेपली.

हा प्रकार अमेरिकेत १८८० च्या दशकात जोरात होता. १८७६ साली फिलाडेल्फियात मोठं प्रदर्शन भरलं, तिथल्या जपानी वस्तू पाहून वेड्यावाकड्या आकारांची आवड वाढली असं मानतात. नावाची एक व्युत्पत्तीही सांगतात ती मला पटते: क्रेझ म्हणजे चिनी मातीच्या भांड्याच्या झिलईवर पडणारे बारीक तडे. लोणच्याच्या जुन्या बरणीवर नजर टाक, क्विल्टचा नमुना तिथेच दिसेल.

आता पाया. मांजरपाट, म्हणजे कोरं जाडसर सुती कापड, घे, पण आधी रात्रभर पाण्यात भिजव, वाळव, ओलसर असतानाच कडक इस्त्री कर आणि मगच काप. पावसाळ्यात आपल्या हवेत सुती कापड दमट होऊन बसतं. इस्त्री न करता मापलेला तुकडा नंतर मापात राहत नाही. तयार चौकोन १२ इंचाचा हवा असेल तर पाया १४ इंच काप. भरतकामाने तो थोडा आवळतो. सगळं भरून झाल्यावर १३ इंचावर कापायचा; अर्धा-अर्धा इंच शिवणीत जाऊन १२ उरतो. ३६ इंच पन्ह्यातून (कापडाच्या रुंदीतून) १४ इंचाचे ओळीला दोनच निघतात, म्हणजे १२ चौकोनांना ८४ इंच लागलं. आटणं धरून अडीच मीटर आण. पण हे पुढचं. पहिल्यांदा एकच चौकोन कर आणि त्याचा उशीचा अभ्रा शिव. पलंगपोस मनात धरून बसणाऱ्यांचे चौकोन माळ्यावर पडून राहतात.

कापड निवडताना कातरण फुकट मिळतं म्हणून सगळं भरू नकोस. शिंप्याकडच्या पिशवीत रेशीम म्हणून जे येतं त्यातलं बरंच पॉलिस्टर असतं. दोन-चार धागे काढून चिमट्यात धर आणि पाण्याच्या वाटीवर जाळून बघ. सूत कागदासारखं जळतं, मऊ राखाडी राख राहते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि उरलेली गोळी बोटांत चुरते. पॉलिस्टर वितळून कडक काळा मणी होतो. पॉलिस्टर वापरू नये असं नाही, पण त्याच्यावर रेशमाच्या बेताने इस्त्री फिरव. सुताच्या उष्णतेने ते आक्रसतं. जुनं रेशीम दोन अंगठ्यांत धरून हलका झटका दे. जुन्या घडीवर चर्रकन गेलं तर ते बाद. जीवच अडकला असेल त्यात, तर पाठीला इस्त्रीने चिकटणारं पातळ पेस्टिंग लाव. अमेरिकेतल्या त्या जुन्या क्विल्टांचं आज हेच झालंय: तेव्हाचं रेशीम वजनदार वाटावं म्हणून त्याला धातूंचे क्षार पाजत, त्याने ते आतून ठिसूळ होऊन फाटत गेलं. शेजारची मखमल धड आणि रेशमाच्या चिंध्या, असं चित्र दिसतं.

रंग सुटतो का तेही बघ. ओला पांढरा फडका तुकड्यावर दाबून धर. डाग आला तर तो तुकडा वेगळा धू, आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत फिकट कापडाशेजारी लावू नकोस.

जोडणी अशी. मधला तुकडा पाच कोनांचा, साधारण तीन इंचांचा, पायाच्या बरोबर मध्यावर न ठेवता थोडा बाजूला. दुसरा तुकडा त्याच्यावर सुलटीवर सुलट ठेवून एका कडेला टीप मार, उलटून सपाट कर, इस्त्री कर, जास्तीचं काप. सुताला पाव इंच शिवण पुरते. खणाला आणि रेशमाला अर्धा इंच सोड, नाहीतर धागे निघून शिवण उसवते. मग घड्याळाच्या दिशेने पुढचा, पुढचा. प्रत्येक नवा तुकडा आधीच्या शिवणीची टोकं पूर्ण झाकेल एवढा लांब हवा. इस्त्री प्रत्येक वेळी करायचीच. कंटाळा करून तीन तुकड्यांनंतर एकदा केलीस तर खाली चुणी बसते आणि ती मग कशानेही निघत नाही. मखमल शिवताना सरकते, म्हणून आधी हाताने कच्चा दोरा घाल. आणि तिला इस्त्री करायची तर टॉवेलवर पालथी ठेवून, उलट बाजूने.

दोन फेऱ्या झाल्या की दोन अडचणी येतात. पहिली: तुकडे लांबत जाऊन पट्ट्यापट्ट्यांचं दिसायला लागतं. अशा वेळी दोन-तीन लहान कपटे आधी आपसात जोड आणि तो जोड एकच तुकडा समजून लाव. दुसरी: कुठे तरी आत जाणारी खाच तयार होते, तिथे मशीन पोचत नाही. तिथे हट्ट करू नकोस. तुकड्याची कड पाव इंच आत दुमड, टाचण्या लाव आणि बारीक हातशिलाईने बसव. ती जागा वर पिसासारखा फेदर टाका आला की कुणाला ओळखता येत नाही. लेस किंवा जुना काठ शिवणीत अडकवायचा असेल तर तोही याच वेळी. मागाहून लावलेल्या लेशीची टोकं कायम उघडी राहतात.

मग भरतकाम. आठ मीटरची सहा पदरी लडी घे. सुतावर दोन पदर, खणावर आणि मखमलीवर तीन. दोरा हातभर, १८ इंचांहून लांब नको. लांब दोरा कापडातून ये-जा करून पिंजतो. सुई टोकदार आणि लांबट नेढ्याची. शिवणीच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर खडूची रेघ ओढ, टाका त्या दोन रेघांत ठेव. हेरिंगबोन (माशाच्या काट्यासारखा), फेदर, काजटाका, फ्लाय (इंग्रजी व्ही-सारखा) आणि साखळी, हे पाच आले की पहिला चौकोन होतो. नवं शिकायची घाई नको. एकाच हेरिंगबोनवर दुसऱ्या रंगाचा आडवा टाका आणि टोकांना गाठीचे ठिपके टाकलेस की ते निराळंच काही दिसतं.

कुठली शिवण आधी भरायची, याला नियम आहे. एक शिवण दुसरीच्या अंगावर जाऊन थांबते ना, तिथे थांबणारी आधी, आडवी जाणारी नंतर. म्हणजे आडवीचे टाके पहिलीचं टोक झाकतात. उलट केलंस की प्रत्येक सांध्याशी अर्धवट टाका लोंबतो. तुझ्या फोटोत डाव्या कोपऱ्यात तेच झालंय.

तुकड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत एखादंच चित्र घाल. त्या जुन्या क्विल्टांत कोळ्याचं जाळं हटकून असायचं, शुभ म्हणून. आपल्या किनाऱ्यावर कोळी म्हटलं की आठ पायांच्या आधी दोन पायांचाच आठवतो, म्हणून एका चौकोनात हे जाळं आणि दुसऱ्यात मासळीचं, अशी जोडी कर. कोळ्याच्या जाळ्याला एका बिंदूतून सहा लांब टाके काढ, त्यांवर गोल फिरणारा दोरा आणि प्रत्येक छेदावर बारीक टाका. तो बारीक टाका चुकवलास तर लांब टाके ढिले पडून नखात अडकतात. बाकी चित्रं तुझ्या खळ्यातच आहेत: आंब्याचा मोहर, अबोली, सुरंगीचा वळेसर, म्हणजे गजरा. सुरंगी तर गाठीच्या टाक्यांसाठीच जन्माला आलीय.

मणी, टिकल्या, बटणं सगळ्यात शेवटी, भरतकामाची रिंग काढून ठेवल्यावर. इथे मात्र आपल्या खाऱ्या हवेशी गाठ आहे. धातूच्या टिकल्या काळवंडतात, पितळी घुंगरू हिरवट होऊन कापडावर डाग सोडतं, जरही मंदावते. काचेचे मणी घे. शिंपल्या, कवड्या लावायच्या असतील तर गोड्या पाण्यात दोन-तीन दिवस भिजव, रोज पाणी बदल, मग पूर्ण वाळव. आत मीठ राहिलं तर ते हवेतली ओल ओढत राहतं आणि पहिल्या पावसाळ्यात त्या जागी कापडाला बुरशी धरते. १३ इंचाच्या रेघेपासून आत पाऊण इंच मण्यांना पूर्ण बंदी. नाहीतर चौकोन जोडताना मशीनचा पाय त्यावर चढतो, मणी फुटतो, कधी सुईही जाते. आणि मिरगापासून दसऱ्यापर्यंत टाचण्या कापडात रात्रभर ठेवू नकोस. गंजाचा ठिपका साबणाने जात नाही.

जोडून झाल्यावर आत कापूस भरायचा का, असं विचारलं होतंस. नको. जुन्या क्रेझी क्विल्टांतही बहुतेक वेळा भरण नसायचंच, ती पांघरायची कमी आणि मिरवायची जास्त. आपल्याकडे तर कापूस पावसाची ओल धरून बसेल. तीन बाय चार चौकोनांची ३६ बाय ४८ इंचांची क्विल्ट केलीस तर आत मऊ जुन्या लुगड्याचा एक थर पुरे. पाठीला सुती अस्तर. मग चार-चार इंचांवर तिन्ही थर दोऱ्याने बांधायचे: सुई पाठीकडून वर, अगदी जवळून परत खाली आणि गाठ पाठीला. गाठ मारताना आधी उजवा डाव्यावर, मग डावा उजव्यावर. दोन्ही वेळा एकाच बाजूने मारलीस तर सुटते. वरचा इवलासा टाका भरतकामात लपव. कडेला अडीच इंच पट्टी दुहेरी दुमडून गोट लाव. एवढ्या क्विल्टला सांध्यांसकट १८० इंच पट्टी लागेल. सरळ कडांना उरेब कापायची गरज नाही, उगाच कापड वाया जातं.

ठेवायची ती प्लास्टिकच्या पिशवीत नको. जुन्या धुतलेल्या मलमलीत गुंडाळ, भरतकाम बाहेरच्या अंगाला ठेवून सैल गुंडाळी कर. घडीच घालावी लागली तर दर महिन्याला घडीची जागा बदल. पाऊस सरला की पडवीत सावलीला वाऱ्यावर टाक. थेट उन्हात रेशमाचा रंग उडतो.

मैत्रिणींबरोबर मिळून करायचं म्हणतेस, ते जरूर करा. पाचजणी असाल तर प्रत्येकीने आपला चौकोन जोडून तयार करायचा आणि पुढच्या घरी द्यायचा. जिच्याकडे जाईल तिने एक शिवण आणि एक चित्र भरायचं, महिन्याभरात पुढे पाठवायचा. सोबत एक लहान वही ठेवा: कुणी कुठला टाका घातला, कुठला दोरा वापरला, आणि मालकिणीला काय नको आहे. भांडणं होतात ती या शेवटच्या ओळीवरून, म्हणून ती आधी लिहा. कुणाचा नमुना पाहून केलंत तर तिचं नाव वहीतही आणि दाखवतानाही.

प्रत्येक क्विल्टच्या पाठीला कापडी पट्टी शिव, त्यावर नाव, गाव, महिना, साल आणि धुवायची की नाही ते न पुसणाऱ्या शाईने किंवा टाक्याने लिही. फोटो सकाळी पडवीतल्या तिरप्या उजेडात काढ, समोरून सरळ. फ्लॅशने टाके सपाट दिसतात. बारशाला कुणाला देणार असशील तर मणी, बटणं, कवड्या काहीच नको, नुसतं भरतकाम. विकायची वेळ आली तर तास लिहून ठेव. नवख्या हाताला एका भरगच्च चौकोनाला वीस-पंचवीस तास सहज लागतात, आणि मागणारा मात्र गोधडीचाच भाव सांगतो. तेव्हा वही पुढे कर.

तुझा फुगलेला चौकोन टाकू नकोस. कडेचं भरतकाम उसव, खाली १४ इंचाचा मांजरपाट घालून मधून बाहेर कच्चा दोरा घाल, उलट बाजूने वाफेची इस्त्री दे आणि कडा पुन्हा भर. मधला भाग आहे तसा राहू दे.

चाकरमानी गणपतीला येतील त्यांच्या हाती कातरणाची पिशवी येईल. त्यातला जांभळा खण रंग सोडतो, तो वेगळा धू. आणि पुढच्या वेळी फोटो पाठवशील तेव्हा पाठीच्या बाजूचाही पाठव. मला आधी तोच बघायचाय.

तुझी,
मावशी