'व्यस्त प्रपात' : कशाचा, हे आधी लिहा

प्रश्न : चुंबकित प्लाझ्मातील (चुंबकीय क्षेत्र असलेल्या विद्युतभारित वायूतील) संक्षोभाविषयी, म्हणजे अनियमित भोवऱ्यांच्या खळबळीविषयी, वाचताना 'ऊर्जा-प्रपात' आणि 'व्यस्त प्रपात' हे शब्द भेटले. प्रपात उलटा कसा चढतो?

'प्रपात' चालेल, पण हे पडणे जागेतले नाही, मापातले आहे. मोठे भोवरे फुटून लहान होतात, लहानांचे आणखी लहान, आणि शेवटी श्यानता (प्रवाहातले अंतर्गत घर्षण) व विद्युतरोध त्या ऊर्जेची उष्णता करतात. म्हणून 'ऊर्जा खाली वाहते' असे लिहू नये. 'मोठ्या मापांकडून लहान मापांकडे जाते' असे लिहावे.

वर्णपटाचा, म्हणजे कोणत्या मापावर किती ऊर्जा आहे हे दाखवणाऱ्या आलेखाचा, उतार पाहून 'वाटेत ऊर्जा घटते' असे लिहिलेले आढळते, ते चूक. रशियन गणितज्ञ कोल्मोगोरोव्ह यांच्या 1941 च्या 5/3 नियमानुसार माप दहापट लहान झाले की वर्णपटाचे मूल्य सुमारे 46 पट उतरते, तरी सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान मापांच्या मधल्या पट्ट्यात दर सेकंदाला पुढे जाणारी ऊर्जा तेवढीच राहते. घटतो तो साठा, ओघ नव्हे.

'व्यस्त' म्हणजे लहान मापांकडून मोठ्यांकडे. खरा घोटाळा इथेच होतो, कारण एकाच प्रवाहात वेगवेगळ्या राशी विरुद्ध दिशांनी जातात. त्रिमितीय चुंबकित प्रवाहात एकूण ऊर्जा लहान मापांकडे जाते. चुंबकीय हेलिसिटी, म्हणजे बलरेषांचा पीळ आणि एकमेकींतला गुंता, मोठ्या मापांकडे. फ्रिश, पूके आणि सहकाऱ्यांनी हे 1975 साली मांडले. हेलिसिटीबरोबर काही चुंबकीय ऊर्जाही मोठ्या मापांवर साचते, म्हणून 'ऊर्जेचा व्यस्त प्रपात' असे सरसकट लिहिले जाते. द्विमितीय साध्या द्रवात ते बरोबर आहे. त्याच द्विमितीय द्रवात चुंबकीय क्षेत्र गुंतले की मात्र ऊर्जा पुन्हा लहान मापांकडे वळते. तेव्हा राशीचे नाव आणि मितींची संख्या न लिहिता 'व्यस्त प्रपात' एकटा वापरू नये.

'माप' हा शब्दही इथे जपून वापरावा. प्रबळ क्षेत्रात भोवरे बलरेषांच्या दिशेने लांबट होत जातात. गोल्डराइख आणि श्रीधर यांच्या 1995 च्या सिद्धांतानुसार आडवे माप हजारपट लहान होते तेव्हा बलरेषेच्या दिशेचे माप शंभरपटच लहान होते. सौरवाताबद्दल (सूर्याकडून वाहणाऱ्या प्लाझ्माबद्दल) लिहिताना म्हणून बलरेषांना 'लंब माप' की 'समांतर माप', हे प्रत्येक आकड्यापाशी नोंदवावे.