जुन्या लूगर पिस्तुलाला नव्याने ब्लूइंग (पोलादाला गंजापासून जपणारा निळसर-काळा थर) केलं तर किंमत वाढते का?

उलट, बहुतेक वेळा घटते. लूगर पी-०८ जर्मन सैन्याने १९०८ मध्ये स्वीकारलं. संग्राहक त्यात आधी मूळ फिनिश आणि जुळणारे नंबर बघतो. लहानसहान भागांवरही अनुक्रमांकाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात, त्यामुळे बदललेला भाग लपत नाही. मॅगझिनही जुळलं तर सोन्याहून पिवळं.

ब्लूइंगचं म्हणाल, तर साधारण १९३७ पर्यंत रस्ट-ब्लू पद्धत होती: पोलादावर मुद्दाम बारीक गंज चढवायचा, पाण्यात उकळून तो काळा करायचा, घासायचा, की पुन्हा तेच. ट्रिगरसारखे छोटे भाग तापवून गवती पिवळे केलेले असत. पुढे हे पिस्तूल बनवणाऱ्या माउझर कंपनीने गरम क्षारांच्या द्रावणाची झटपट पद्धत घेतली आणि तो सुंदर पिवळा रंग गेला. म्हणून १९१७ च्या पिस्तुलावर सगळीकडे सारखीच काळी झळाळी दिसली की जाणकाराला संशय येतोच. शिवाय पॉलिश करताना शिक्क्यांच्या कडा बोथट होतात; त्या परत आणता येत नाहीत.

तेव्हा पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करा आणि हलकं तेल नि मऊ कापड एवढ्यावरच थांबा. गंज असेल तिथे तेलात भिजवलेली अगदी बारीक स्टील वूल, तीही हलक्या हाताने. लाकडी मुठीला सँडपेपर लावूच नका.