जुन्या एमटीबीचा शॉकअप खटखटतो, नळ्या गंजल्यात: दुरुस्त करू की बदलू?

तुमचा प्रश्न मला असा समजला. जळगावात २६ इंची चाकाची, डिस्क ब्रेकची जुनी एमटीबी (माउंटन बाइक) घेतली. पुढचा ब्रेक दाबला की समोरून खटखट येते, शॉकअपच्या नळ्यांवर तांबूस डाग आहेत, आणि दाबलेला शॉकअप अडखळत वर येतो. मिस्त्री म्हणतात, "ग्रीस भरून देतो, दोनशे किलोमीटर बघायला नको." वापर रोजचा कॉलेजचा, आणि सुटीला सातपुड्यातल्या पाल किंवा मनुदेवीकडे.

ग्रीस भरून घेऊ नका, आणि नवा शॉकअपही आज मागवू नका. आधी खटखट नेमकी कुठून येते ते शोधा. समोरून येणाऱ्या आवाजाची निदान चार कारणं असतात आणि त्यातली तीन शॉकअप न बदलता सुटतात.

पुढचा ब्रेक घट्ट धरा आणि सायकल मागेपुढे हलवा. दुसऱ्या हाताची बोटं हँडलखालच्या वाटीवर अशी ठेवा की एक बोट फ्रेमवर आणि एक शॉकअपच्या माथ्यावर (दोन्ही नळ्या जिथे जोडल्यात तो भाग) येईल. तिथे हालचाल जाणवली तर वाटी-छर्रे ढिले आहेत. ते आवळले की काम झालं. मग बोटं खाली आणा, चकचकीत नळी खालच्या पायात शिरते तिथे, धूळ अडवणाऱ्या रबरी वायपरच्या काठावर. इथे टकटक जाणवली तर आतले बुश (नळी ज्यात सरकते त्या प्लास्टिकच्या कड्या) झिजलेत. खात्री करायची तर हँडल काटकोनात वळवून पुन्हा मागेपुढे हलवा. आता आवाज कायम राहिला तर दोष वाटीत, जवळजवळ बंद झाला तर बुशात किंवा ब्रेकमध्ये. ब्रेक म्हणायचं कारण, डिस्कचे पॅड कॅलिपरमध्ये (पॅड धरणाऱ्या भागात) किंचित हलतात आणि तेही अगदी असाच टक् आवाज करतात. शेवटी ब्रेक सोडून रिम हातात धरा आणि डावी-उजवीकडे ढकला. रिम हलली तर हबचे, म्हणजे चाकाच्या मध्याचे, छर्रे धरणारे कोन ढिले आहेत.

नव्या साध्या शॉकअपमध्येही बुशात थोडा प्ले (ढिलाई) असतो. माझा नियम असा की बोटाला जाणवला तर चालतो, डोळ्यांना दिसला तर चालत नाही.

आता गंज. साध्या शॉकअपच्या वरच्या नळ्या लोखंडी असतात, त्यावर क्रोम. नळी स्वच्छ पुसून अंगठ्याचं नख वरून खाली फिरवा. डाग आहे पण नख अडकत नाही, म्हणजे गंज वरवरचा आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासा, डाग निघतात. नख अडकलं तर क्रोमला खड्डा पडलाय, आणि तो नळीच्या कुठल्या भागात आहे हे महत्त्वाचं. माथ्याजवळच्या दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत वायपर क्वचितच पोचतो. तिथला खड्डा सोडून द्या. वायपरच्या रोजच्या येण्याजाण्याच्या पट्ट्यात असेल तर तो प्रत्येक दाबाला रबराची कड खरवडतो, मग पाणी-धूळ आत जाते आणि बुश संपतात. नळीच्या पुढच्या आणि मागच्या अंगाला क्रोम उडून चंद्रकोरीसारखा निस्तेज पट्टा दिसत असेल तर ती नळी संपली. नळीवर पुन्हा क्रोम चढवून आणायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका; जाडी नेमकी राहत नाही आणि साध्या शॉकअपमध्ये नळ्या माथ्यात दाबून बसवलेल्या असतात, त्या नीट निघत नाहीत.

आपल्याकडे हे लवकर होतं त्याला कारण आहे. यावल-रावेरकडच्या शेतरस्त्यांवर उन्हाळ्यात बारीक फुफाटा असतो आणि पावसात काळी माती. ती माती वायपरच्या काठावर चिकटते, वाळते आणि नळीभोवती काळी कडा धरते. त्या कडेवर बोट फिरवून बघा, खरखर लागते. अशी सायकल मोटारसायकलच्या वॉशिंग सेंटरवर नेली की प्रेशरचं पाणी तोच चिखल वायपरच्या आत ढकलतं. पाण्याला बाहेर यायला वाट नसते, म्हणून गंज आतून सुरू होतो. बादली, फडकं आणि जुना ब्रश एवढंच वापरा.

ग्रीसबद्दल माझा विरोध का, तेही सांगतो. ग्रीस भरून देतो म्हणजे बहुतेक वेळा वायपर उचकटून गनने घट्ट ग्रीस आत मारतात. आतली माती आतच राहते आणि ग्रीसमध्ये मिसळून घासायची पेस्ट तयार होते. शिवाय पायाची पोकळी ग्रीसने भरली की हवा दबायला जागा उरत नाही आणि शॉकअप अर्ध्यावरच अडतो. दुसरा प्रकार मोटारसायकलचं फोर्क ऑइल ओतण्याचा. सनटूर कंपनीच्या एक्ससीटी, एक्ससीएम किंवा त्याहून साध्या बिननावाच्या शॉकअपच्या पायात तेल राहील असं सीलच नसतं, फक्त धूळ अडवणारा वायपर असतो. तेल ओघळतं ते थेट डाव्या पायाजवळच्या डिस्कवर आणि पॅडवर. पॅडने तेल प्यायलं की ते टाकावेच लागतात.

खरी सर्व्हिस म्हणजे शॉकअप उघडून धुणं आणि पातळ थरात ग्रीस लावणं. दोन तासांचं काम आहे, घरी होतं. चाक काढा, कॅलिपर आणि त्याची केबल खालच्या पायावरून सोडवा. सायकल उलटी करून दोन्ही पायांच्या तळाला बघा: मॉडेलप्रमाणे आत खोल अ‍ॅलन बोल्ट असतो किंवा बाहेर १० नंबरचा नट. काहीच नसेल तर तो शॉकअप उघडण्यासाठी बनवलेलाच नाही, त्यावर वेळ घालवू नका. बोल्ट चार-पाच फेरे सैल करा, पूर्ण काढू नका. मग त्याच्या डोक्यावर प्लास्टिकच्या हातोडीने ठोका म्हणजे आतला रॉड सुटेल. त्यानंतर बोल्ट काढून खालचे पाय सरळ ओढा. बोल्टबरोबर आतला रॉडही फिरत राहिला तर कुणाला तरी शॉकअप दाबून धरायला सांगा. स्प्रिंगच्या दाबाने रॉड धरला जातो. वरची प्लास्टिकची टोपी उघडायची गरज सहसा पडत नाही. उघडलीच तर प्रीलोडची (स्प्रिंगचा दाब ठरवणारी) घुंडी आधी पूर्ण सैल करा आणि पाना बेताने लावा, ती टोपी चटकन तडकते.

पाय निघाले की काठीला सुती फडकं गुंडाळून आतून पुसा, फडकं स्वच्छ येईपर्यंत. लोखंडी भागांना रॉकेल चालेल, पण वायपर आणि प्लास्टिकच्या बुशना पेट्रोल-रॉकेल लावू नका, रबर फुगतं. तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. वायपरच्या आतल्या बाजूला ओठासारखी घडी असते, तिच्यात माती अडकलेली असते; ती टूथपिकने काढा. आता बुश बघा. एका बाजूने पातळ, चिरलेले किंवा बोटाने गोल फिरणारे असतील तर सर्व्हिसने खटखट जाणार नाही. साध्या शॉकअपचे बुश सुटे मिळवणं फार कठीण असतं आणि लेथवर नायलॉनचे वळवून घेतले तर उन्हाळ्यात ते फुगून नळी धरतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि सायकल दिवसभर उन्हात उभी असते, तिथे हा उपाय मी कुणाला सुचवणार नाही.

बुश ठीक असतील तर सस्पेन्शनसाठीचं ग्रीस घ्या. नाहीच मिळालं तर पाण्याने न धुपणारं मऊ ग्रीस चालेल, चाकाच्या बेअरिंगचं जाड ग्रीस नको. प्रत्येक बुशावर आतून एक पातळ थर, वायपरच्या घडीत बोटभर, आणि स्प्रिंग वाजू नये म्हणून तिच्यावर नुसता हात फिरवल्याइतकं. दोन्ही पायांना मिळून दोन चहाचे चमचे पुरतात. पाय चढवताना वायपरची कड आत दुमडणार नाही याकडे लक्ष द्या. तळाचे बोल्ट छोट्या अ‍ॅलन कीने आवळा, पाइप लावून ताकद करू नका. आतल्या रॉडचे आटे मऊ असतात.

तीन गोष्टी दिसल्या तर सर्व्हिस न करता थेट बदला: माथ्याला किंवा माथ्यातून वर जाणाऱ्या दांड्याच्या मुळाशी केसासारखी चीर, बाजूने बघता पाय मागे झुकलेले, किंवा अ‍ॅक्सल बसतो ती खाच तडकलेली. यातलं काहीही वेल्डिंग करून घेऊ नका. बऱ्याच शॉकअपचे खालचे पाय मॅग्नेशियमचे असतात, ते वेल्डिंगच्या उष्णतेने पेट घेऊ शकतात. आणि दांडा उतारावर तुटला तर चाक सायकलपासून वेगळं होतं, सावरायला वेळच मिळत नाही.

बदलायचं ठरलं तर चुकीची ऑर्डर बहुतेक वेळा दांड्याच्या मापात होते. हँडलचा स्टेम (हँडल दांड्याला जोडणारा तुकडा) बघा. स्टेम बाजूच्या दोन बोल्टनी दांड्याला बाहेरून आवळलेला असेल तर दांडा बिनआट्याचा. व्यास व्हर्नियरने मोजा, २८.६ मिमी म्हणजे एक पूर्णांक एक अष्टमांश (१ १/८) इंची. स्टेमची मान दांड्याच्या आत उतरलेली असेल आणि खाली मोठा षटकोनी नट असेल तर दांडा आट्यांचा. ३२ चा पाना बसला तर बहुधा एक इंची, ३६ चा बसला तर १ १/८ इंची. फ्रेमची पुढची नळी खाली रुंद होत गेली असेल तर निमुळता दांडाही बसू शकतो. सरळ आणि अरुंद असेल तर निमुळता कधीच बसणार नाही, स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. जुना शॉकअप घेत असाल तर दांड्याची लांबी आधी विचारा. तो आधीच्या सायकलच्या मापाने कापलेला असतो. लांब असेल तर कापता येतो, आखूड असेल तर त्यावर इलाज नाही.

बाकी मापं सोपी आहेत. अ‍ॅक्सल ९ मिमीचा आणि हबची रुंदी १०० मिमी आहे का बघा. १५ मिमीच्या आरपार अ‍ॅक्सलचा शॉकअप तुमच्या हबला चालणार नाही. कॅलिपरच्या दोन भोकांतलं अंतर ७४ मिमी म्हणजे पोस्ट माउंट, ५१ मिमी म्हणजे आयएस, हे कॅलिपर बसवायचे दोन प्रकार. वेगळं निघालं तर अ‍ॅडॅप्टर मिळतो. २६ चे शॉकअप आता कमी मिळतात. डिस्क ब्रेक असल्यामुळे २७.५ चा शॉकअप तुम्हाला चालेल. व्ही-ब्रेक असता तर पॅड रिमपासून साडेबारा मिमी दूर गेले असते. मात्र एकूण लांबी, म्हणजे अ‍ॅक्सलपासून माथ्यापर्यंतचं अंतर, जुन्यापेक्षा २० मिमीपेक्षा जास्त वाढू देऊ नका. दर २० मिमीला फ्रेमच्या पुढच्या नळीचा जमिनीशी असलेला कोन साधारण एक अंशाने कमी होतो, चढावर पुढचं चाक भरकटतं आणि फ्रेमच्या मानेवर ताण वाढतो. जुना ८० किंवा १०० मिमी दबणारा (ट्रॅव्हलचा) असेल तर तेवढाच घ्या.

एक पर्याय लोक विचारातच घेत नाहीत: साधा चिमटा, म्हणजे शॉक नसलेला फोर्क. तुमचा बहुतेक वापर डांबरी रस्त्याचा आहे. साधा शॉकअप अडीच किलोच्या आसपास भरतो, साधा चिमटा साधारण एक किलो. त्यात झिजण्यासारखं काही नाही. पुढे २.१ इंची टायर घालून हवा ३०-३५ पीएसआय ठेवली तर पालकडचा रस्ता आणि शेतवाट दोन्ही निभावतात. शॉकअपवाल्या फ्रेमसाठीचा, जुन्या शॉकअपपेक्षा लांबीला १५-२० मिमी कमी असा आणि डिस्कचा माउंट असलेला चिमटा शोधा. तुमच्या जागी मी हाच घेईन. दर आठवड्याला सातपुड्याच्या दगडी पायवाटांनी उतरणार असाल तरच नव्या शॉकअपवर खर्च करा.

बसवताना जुन्या माथ्यावरची कोनाची कडी (वाटीचे छर्रे जिच्यावर टेकतात ती) पातळ छिन्नीने आळीपाळीने दोन्ही बाजूंनी ठोकून काढा. नव्यावर ती सुमारे ३० मिमी आतल्या व्यासाच्या सरळ कापलेल्या पाइपने, खाली फट न राहता, बसवा. दांडा कापण्याआधी वाट्या, स्पेसर, स्टेम सगळं चढवून स्टेमच्या वरच्या कडेला खूण करा आणि खुणेच्या ३ मिमी खाली कापा. पहिल्यांदा एक स्पेसर जास्त ठेवूनच कापा. आतला स्टार नट (टोपीचा बोल्ट ज्यात बसतो तो) दांड्याच्या वरच्या कडेपासून १५ मिमी खाली, सरळ ठोका. आधी दांड्यावरच्या टोपीचा बोल्ट प्ले जाईपर्यंतच आवळा, मग स्टेम चाकाशी सरळ करून बाजूचे बोल्ट ५-६ न्यूटन मीटरला. टोपी फक्त छर्र्यांचा प्ले काढते, हँडल धरून ठेवतात ते बाजूचे बोल्ट. हा क्रम उलटा केला तर टोपी कितीही आवळली तरी वाटी ढिलीच राहते.

पहिल्या फेरीला गावातच दहा-बारा किलोमीटर जाऊन या. छर्रे जागेवर बसतात आणि वाटीत पुन्हा थोडा प्ले येतो. बाजूचे बोल्ट सैल करून टोपी पाव फेरा आवळा, बोल्ट परत लावा, कॅलिपर डिस्कला घासत नाही ना बघा आणि मगच घाटाकडे निघा.