बाथरूममधलं कपाट आणि हीटिंग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बेसिनखाली कपाट करायचंय, पण नेमका तिथेच भिंतीवर रेडिएटर आहे. तो कपाटातच घेतला तर चालेल का?

कृपया घेऊ नका. रेडिएटरमधून गरम पाणी फिरतं, पण तो खोली तापवतो तो मुख्यतः हवा खेळवून. खालून गार हवा शिरते, तापते आणि वर जाते. तो कपाटात कोंडला की ही ये-जाच थांबते. त्यातून व्हॉल्व्हवर थर्मोस्टॅट (हवेचं तापमान पाहून पाणी सोडणारा-थांबवणारा भाग) असेल, तर त्याच्यापर्यंत कपाटातलीच गरम हवा पोचते. खोली तापली असं धरून तो पाणी बंद करतो आणि तुम्ही बाहेर कुडकुडता. असं एक कपाट मी उघडलं होतं. आत भट्टी, बाहेर फरशी गारठलेली आणि एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या) दाराची खालची कड ओल्या पुठ्ठ्यासारखी फुगलेली.

कपाटाची रुंदी कमी करा, नाहीतर रेडिएटर दुसऱ्या भिंतीवर हलवा. त्याच्या जागी टॉवेल-रेल (टॉवेल टाकायच्या गरम दांड्या) घेणार असाल तर त्याचे वॅट आधी तपासा, कारण टॉवेल टाकले की त्याची ऊब आणखी घटते. काहीही करा, पण व्हॉल्व्हपर्यंत हात आणि पाना दोन्ही पोचलेच पाहिजेत. यात मी तडजोड करत नाही.

प्रश्न : फरशीखाली विजेची हीटिंग केबल आहे. कपाट जमिनीवर ठेवू की टांगू?

टांगा. सपाट बुडाचं कपाट फरशीला टेकलं की खाली उष्णता कोंडते आणि केबल वाजवीपेक्षा जास्त तापते. फरशीत स्क्रू तर मारायचाच नाही. भिंत पोकळ असेल तर आत लाकडाचा आधार द्या, आणि भोक पाडण्याआधी भिंतीतले पाइप व वायरी कुठून गेल्यात ते डिटेक्टरने पाहा.

प्रश्न : कपाटाच्या फळीतून हीटिंगचा तांब्याचा पाइप गेलाय. हीटिंग सुरू झालं की टकटक आवाज येतो.

पाइप लांबतोय. एक मीटर तांबं 50 अंश सेल्सिअसने तापलं की सुमारे 0.85 मिलीमीटर वाढतं. घट्ट भोकात ते अडकतं आणि सुटताना टक्क वाजतं. भोक थोडं मोठं करून मध्ये फेल्ट (जाड, मऊ नमद्यासारखं कापड) घाला. कापलेली कडही सील करा, वाफ तिथूनच लाकडात शिरते.

प्रश्न : रेडिएटरशेजारी अस्सल लाकडाचं दार टिकेल का?

टिकेल, पण त्याला जागा द्या. लाकूड आटतं-फुगतं ते रेषांच्या आडव्या दिशेला, म्हणून दाराच्या बाजूंना फट हवी. पॉलिश दोन्ही अंगांना आणि कडांना सारखंच करा. एकच बाजू केली तर फळी वाकते.