राजीनामा आत्ता नको, करार संपू द्या

ताई, तुम्ही लिहिलंय की रियाधच्या आयसीयूत चार वर्षं चार महिने झाले, पगार ४,८०० रियाल, महिन्याला ३,००० शिल्लक पडतात आणि गाठीशी ९ लाख रुपये आहेत. आता राजीनामा द्यायचा, ६ लाखांत वर्षभर व्हिएतनामपासून जॉर्जियापर्यंत फिरायचं, वाटेत नर्सिंग करून थोडा खर्च भागवायचा आणि मग ऑस्ट्रेलिया गाठायचं.

फिरायला जरूर जा. चार वर्षं रात्रपाळ्या केल्यात, हे वर्ष तुमचं आहे. पण राजीनामा देऊ नका.

सौदी कामगार कायद्याप्रमाणे पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षामागे अर्ध्या महिन्याचा पगार सेवा संपताना मिळतो. मात्र दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान स्वतःहून सोडलंत, तर त्याचा एक तृतीयांशच हाती येतो. तुमच्या बाबतीत आज सुमारे ३,४६७ रियाल. आठ महिन्यांनी तुमचा करार संपतोय. नूतनीकरण नको असं वेळेत लेखी कळवून तो संपू दिलात, तर पूर्ण १२,००० मिळतील. शिवाय आठ महिन्यांची शिल्लक २४,०००. घाई केलीत तर सात लाखांहून जास्त रुपये सोडून जाल. मुदतीआधी करार मोडल्याची भरपाई रुग्णालयाने मागितली, तर ती वेगळीच.

‘वाटेत नर्सिंग’ ही जमा मात्र हिशेबातून खोडाच. पर्यटक व्हिसावर पगारी काम करता येत नाही, आणि प्रत्येक देशात तिथली नोंदणी लागते. पकडलं गेलं तर पुढच्या व्हिसा अर्जावर डाग राहील, तो मला पैशांपेक्षा जास्त खुपतो.

ऑस्ट्रेलियात पाच वर्षांत ४५० तासांचं काम दाखवावं लागतं, त्यामुळे एका वर्षाच्या खंडाने नोंदणी अडत नाही. पण एनक्लेक्स या नर्सिंग परवान्याच्या परीक्षेनंतर द्याव्या लागणाऱ्या ऑस्की या प्रात्यक्षिक परीक्षेचीच फी ४,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे, वर ती जिथे होते त्या अ‍ॅडलेडचा प्रवास. ते पैसे आजच बाजूला काढा. भाऊ घराच्या स्लॅबसाठी मागतोय, तरी यातून देऊ नका. नाही म्हणताना जड जाईल, ठाऊक आहे.

इकामा (सौदीतला रहिवासी परवाना) रद्द होण्याआधी सगळी रक्कम एनआरई खात्यात (अनिवासी भारतीयांचं भारतातलं बँक खातं) पाठवा, अनुभवाचा दाखला हातात घ्या. आणि आधी भारतात, सांगलीला या, मगच फिरायला निघा. रुग्णालयाचा विमा नोकरीबरोबर संपेल आणि आपल्याकडच्या कंपन्या प्रवास विमा साधारणपणे भारतातून निघण्याआधीच देतात.